पावणेतीन गुंजा

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत रोहिणखेड आहे. खुदावंदखान महदवी याने १५८२ साली बांधलेली लहानशी, देखणी मशीद ही गावाची मुख्य खूण. या गावाच्या शिवारात दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ साली. बहमनी सरदार खलफ हसन, म्हणजे मलिक-उत-तुज्जार, याने वऱ्हाडावर चालून आलेल्या खानदेशच्या नसीरखान फारुकीला इथे हरवलं. तोड्याची बंदूक तेव्हा दख्खनमध्ये आलेली नव्हती. दुसरी लढाई झाली तेव्हा मध्ये दीडशे वर्षं गेली होती आणि युद्धाचं सगळं गणित बदललं होतं.

ही दुसरी लढाई १५९०-९१ च्या सुमाराची. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल निजामशाह हा अल्पवयीन मुलगा होता आणि खरी सत्ता महदवी पंथाचा सरदार जमालखान याच्या हाती होती. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयाला राहून आला होता. खानदेशच्या राजा अलीखानाला सोबत घेऊन तो स्वतःच्याच मुलाच्या राज्यावर चालून आला. दोन्ही फौजा रोहिणखेडला भिडल्या. जमालखान बंदुकीची गोळी लागून पडला आणि तिथेच लढाई संपली. मुलगा कैदेत गेला, बाप दुसरा बुऱ्हाण निजामशाह म्हणून गादीवर बसला. चार वर्षांनी तो वारला आणि गादीच्या भांडणात मोगल अहमदनगरच्या तटाशी आले. पुढची चांदबिबीची झुंज महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आता त्या एका गोळीचा हिशेब मांडू. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीच्या नळ्या एका मापाच्या नसत. तरी १७ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी धरली तर तिचं वजन २९ ग्रॅम भरतं, म्हणजे अडीच तोळे. अशा गोळीमागे तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत दारू ठासत. तोळाभर म्हणा. अडीच तोळे शिसं आणि एक तोळा दारू एवढ्या ऐवजावर एका राज्याची गादी बदलली.

या तोळाभर दारूबद्दल मला सगळ्यात थक्क करते ती गोष्ट वेगळीच आहे. त्याच निजामशाहीने १५४९ साली अहमदनगरात मलिक-ए-मैदान ही तोफ ओतून घेतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन, नळीचं तोंड सुमारे ७० सेंटिमीटर. त्या तोंडात सहज बसेल असा ६५ सेंटिमीटर व्यासाचा काळ्या दगडाचा गोळा घडवला तर तो ४०० किलोच्या घरात जातो. बंदुकीच्या गोळीच्या जवळजवळ १४ हजार पट. आणि दोघांच्या मागे पेटत होती ती दारू एकच: सोरा, गंधक आणि कोळसा. तोफेसाठी जाड दाण्याची, बंदुकीसाठी बारीक, काना म्हणजे बत्तीचं भोक भरायला पिठासारखी, एवढाच फरक. किल्ल्याच्या दारूखान्यात एकच माल भरून ठेवला की तोफा, जंबुरे, बंदुका, बाण, सुरुंग सगळ्यांचं काम भागे. एका पदार्थाने १४ हजार पटींचा पल्ला सांभाळला आणि तो शेकडो वर्षं सांभाळला.

आज जगभरचे नेमबाज, विशेषतः अमेरिकेतले, घरच्या घरी पिस्तुलाची काडतुसं पुन्हा भरतात. पितळी पुंगळी तीच वापरायची, बुडाची टोपी म्हणजे प्राइमर नवा बसवायचा, दारू मोजून घालायची, वर नवी गोळी दाबायची. त्यांचा जुना प्रश्न असा: माझ्याकडे चार-पाच वेगवेगळ्या मापांची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं आहेत, सगळ्यांना चालेल अशी एकच दारू कोणती? मलिक-ए-मैदानच्या मानाने हा प्रश्न किरकोळ वाटावा. इथे सगळ्यात हलकी गोळी सहा ग्रॅमांची आणि सगळ्यात जड पंधरा ग्रॅमांची. पल्ला जेमतेम अडीच पटींचा. तरी हा प्रश्न त्या जुन्या प्रश्नापेक्षा कितीतरी अवघड आहे आणि तो का अवघड आहे हे आकड्यांशिवाय कळत नाही.

दारूचं वजन या लोकांत ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन. आपल्याकडे जुना तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनचा ठरवला होता आणि एका तोळ्यात ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज १.८७५ ग्रेन. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात ढोबळमानाने पाच ग्रेन दारू असते. सोनाराच्या काट्यावर ती पावणेतीन गुंजांना किंचित कमी भरेल. ग्रॅममध्ये म्हणाल तर ०.३२४. रोहिणखेडच्या बंदुकीत जेवढी दारू एका बाराला लागे तेवढ्यात आज ३६ बार निघतात. एका पौंडात १,४००. एका टनात ३० लाख ८६ हजार.

भारतात सामान्य परवानाधारकाला ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही. ते प्रतिबंधित मापात मोडतं. आपल्याकडे परवान्यावर दिसतो तो .३२ चा रिव्हॉल्व्हर. त्याच्या काडतुसात दोन-सव्वादोन ग्रेन दारू असते, म्हणजे एक गुंज आणि वर थोडी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. त्या प्रकारात वापरतात ते .२२ चं काडतूस तर याहून चिमुकलं. त्यात गुंजभरही दारू नसते, आणि त्याची पुंगळी पुन्हा भरताच येत नाही.

या गुंजभर ऐवजात शक्ती तरी किती आहे? इथे माणसाचा अंदाज हमखास उलटा पडतो. आजच्या काडतुसांतल्या बिनधुराच्या दारूत ग्रॅममागे सुमारे चार किलोज्यूल ऊर्जा असते. शेंगदाण्यात ग्रॅममागे चोवीस. म्हणजे वजनाला वजन लावलं तर शेंगदाणा दारूच्या सहा पट ऊर्जावान आहे. पावणेतीन गुंजा दारूत १,३०० ज्यूल असतात. अर्ध्या ग्रॅमच्या एका शेंगदाण्यात ११ हजारांहून जास्त. त्या १,३०० ज्यूलपैकी गोळीच्या वाट्याला एक तृतीयांशाहून थोडी जास्त येते. साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने निघते तेव्हा तिच्यात ४८० ज्यूल असतात. एका शेंगदाण्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे.

मग फरक कशात? वेळेत. शेंगदाणा पोटात तासन् तास जळतो आणि त्याला लागणारा ऑक्सिजन आपण श्वासातून पुरवतो. दारू आपला ऑक्सिजन आपल्याच अंगात घेऊन येते, तिला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. पिस्तुलाच्या चार इंची नळीतून गोळी बाहेर पडायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. एका सेकंदाचे दोन हजार भाग करा, त्यातला एक. ४८० ज्यूल या एवढ्या वेळात दिले तर ती शक्ती ९ लाख ६० हजार वॅट होते. जवळजवळ तेराशे अश्वशक्ती. तळहातावर मावणाऱ्या लोखंडात, सेकंदाच्या दोन-हजाराव्या हिश्शापुरती.

वायूचा हिशेब तर याहून गरगरवणारा आहे. एक ग्रॅम बिनधुराची दारू जळली की नेहमीच्या तापमानाला मोजल्यास ९०० ते १,००० मिलिलिटर वायू होतो. पावणेतीन गुंजांतून सुमारे ३०० मिलिलिटर. पण तो पुंगळीत असतो तेव्हा दोन-अडीच हजार अंशांच्या वर तापलेला असतो, त्यामुळे त्याला जवळजवळ दहा पट जागा हवी असते, म्हणजे तीन लिटर. आणि जागा असते एक मिलिलिटरहूनही कमी. गोळी पुढे सरकून जागा करून देते म्हणूनच दाब आवरतो. तरी ९ मिलिमीटर काडतुसाची ठरवून दिलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ २,४०० पट. समुद्राची सर्वांत खोल जागा मारियाना गर्ता, तिच्या तळाशी पाणी जेवढं दाबतं त्याच्या दुपटीहून अधिक.

रोहिणखेडच्या रणात हे असं नव्हतं. तिथली सोरा-गंधक-कोळशाची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. घन कण होऊन धुरात उडतो किंवा नळीला चिकटतो. हजार बंदुकांनी एकेक तोळ्याचा एकेक बार काढला तर साडेसहा किलो घन काजळी हवेत आणि नळ्यांत जाते. दोन-चार फैरींनंतर समोरचा शत्रू दिसत नसे आणि नळी पुसल्याशिवाय पुढची गोळी उतरत नसे, हे त्यामुळे. वायू कमी म्हणून दाबही कमी. शिवाय काळ्या दारूचा एक मोठा गुण आहे: दाब वाढला म्हणून तिचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. हातून दोन चिमटी जास्त पडली तर धक्का जोरात बसतो, पण चांगली नळी बहुतेकदा टिकते. एकच दारू बंदुकीला आणि तोफेला चालली ती या स्वभावामुळे.

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. दोन वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल तिच्यावर चालू लागली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली, १८८९ मध्ये इंग्रजांची कॉर्डाइट. पाच वर्षांत पाचशे वर्षांची मिरासदारी संपली. पण नव्या दारूचा स्वभाव उलटा आहे. उघड्यावर ती सावकाश, पिवळ्या ज्योतीने जळते. बंद पुंगळीत मात्र दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो, आणि हे चक्र अर्ध्या मिलिसेकंदात फिरतं. पिस्तुलाच्या दारूचा चपटा कण दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. दोन्ही बाजूंनी ज्योत आत शिरून तो संपतो, म्हणजे तिला फक्त पन्नासेक मायक्रोमीटर अंतर कापायचं असतं. ते अंतर अर्ध्या मिलिसेकंदात कापणं म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर. कण थोडा जाड केला, त्याला वेगळा लेप दिला, गोल केला की वेळ बदलते. म्हणून आज बाजारात दारूंचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यांच्या वेगाच्या क्रमवाऱ्या छापल्या जातात.

आता नेमबाजाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्याकडे पाच मापं आहेत असं समजू: .३२, .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम, ९ मिलिमीटर आणि .४५. प्रत्येकाला चार वजनांच्या गोळ्या. बाजारात त्याला उपयोगी अशा तीस दारू. पाच गुणिले चार गुणिले तीस, म्हणजे ६०० जोड्या. प्रत्येक जोडीला सुरुवातीचं वजन आणि कमाल वजन असे दोन आकडे. एकूण १,२००. त्यातला एखादा आकडा चुकीच्या ओळीवरून वाचला गेला की बोटं जातात. दारू एकच ठरवली तर १,२०० चे ४० उरतात. एकाच दारूचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू मला इथे पटते. घरात उघडा डबा एकच असेल तर एका डब्यातली दारू दुसऱ्यात मिसळण्याचा, चुकीचा डबा उचलण्याचा सवालच राहत नाही. काडतुसं पुन्हा भरतानाचे भयंकर अपघात अशाच मामुली गोंधळातून होतात.

पण ती एक दारू कोणत्या गुणांची हवी? पाच मापांच्या दाबाच्या मर्यादा पाहा. .३२ ची १५,००० पौंड, .३८ स्पेशलची १७,०००, .४५ ची २१,०००, ९ मिलिमीटर आणि .३५७ ची ३५,०००. फार चपळ दारू घेतली तर हलक्या काडतुसांत ती थोडक्यात काम करते, पण मॅग्नमच्या जड गोळीला हवा तो वेग येण्याआधीच दाब मर्यादा ओलांडतो. फार सुस्त दारू घेतली तर मॅग्नममध्ये ती बहरते, पण .३२ मध्ये दाब इतका कमी की ती पुरती जळतच नाही आणि नळीतून अर्धवट जळके कण बाहेर पडतात. उत्तर मध्यात आहे. अमेरिकेत १८९८ साली आलेली बुल्सआय ही चपळ दारू आणि १९०० च्या सुमारास आलेली युनिक ही मध्यम वेगाची, दोन्ही आजही विकल्या जातात. सव्वाशे वर्षं टिकलेली युनिक ही सर्वांना पुरणाऱ्या दारूचं नेहमीचं उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते वाजवी आहे.

तरी माझ्या मते वेगापेक्षाही मोठा निकष आकारमानाचा आहे. हे समजायला .३८ स्पेशलची कहाणी पुरेशी आहे. हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी जन्मलं, तेही काळ्या दारूसाठी. त्यात २१ ग्रेन काळी दारू काठोकाठ बसे, सव्वाअकरा गुंजा. मग बिनधुराची दारू आली, तेच काम चार-साडेचार ग्रेनमध्ये होऊ लागलं. पुंगळी मात्र तेवढीच राहिली, कारण लाखो रिव्हॉल्व्हरांची दालनं त्या लांबीची होती. आज त्या पुंगळीत दारू टाकली की तळाला थोडी दिसते आणि वर सगळी पोकळी. चुकून एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तरी ती मावते. काही दारू इतक्या दाट असतात की तिसऱ्यांदाही मावते. वर गोळी बसवली की काहीच दिसत नाही. आणि दारू दुप्पट झाली की दाब दुपटीवर थांबत नाही, कारण वाढलेला दाब जळण्याला आणखी हाकतो. रिव्हॉल्व्हरचा फिरता सिलिंडर फाटतो तो इथे.

म्हणून फुगीर दारू, म्हणजे त्याच वजनाला जास्त जागा व्यापणारी, हा बहुउपयोगी दारूचा पहिला गुण. दुप्पट पडली तर ती पुंगळीबाहेर सांडलीच पाहिजे. बोटांची राखण इतक्या सोप्या युक्तीने होते. याची किंमतही मोजावी लागते: फुगीर, चपटे कण मापयंत्रातून सारखे पडत नाहीत. कधी दशांश ग्रेन जास्त, कधी कमी. गोल कणांची दारू पाण्यासारखी वाहते, माप अचूक येतं, पण ती दाट असते आणि तळाशी दडून बसते. मला विचाराल तर मी अचूकपणा थोडा सोडेन आणि फुगीरपणा घेईन.

हा सोडलेला अचूकपणा किती महागात पडतो तेही मोजू. दशांश ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, गुंजेचा एकोणिसावा हिस्सा. .३२ च्या दोन ग्रेनमध्ये तो पाच टक्के होतो. समजा गोळीचा वेगही पाच टक्क्यांनी घटला. सेकंदाला २१५ मीटर वेगाने २५ मीटरवर जाणारी गोळी वाटेत साधारण साडेसहा सेंटिमीटर खाली येते. वेग पाच टक्के कमी झाला तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली येईल. २५ मीटरच्या अचूक नेमबाजीत लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचं असतं. सात-आठ मिलिमीटरने अव्वल नेमबाजाचा एखादा गुण जाऊ शकतो, हौशी माणसाला कळणारही नाही. तराजूच्या एका टोकाला हा एखादा गुण आणि दुसऱ्या टोकाला हाताचा पंजा. निवड अवघड नाही.

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत अशी दारू मूळ डब्यांत घरी २० पौंडांपर्यंत ठेवायला मुभा आहे. २० पौंड म्हणजे १ लाख ४० हजार ग्रेन, आपल्या पावणेतीन गुंजांच्या हिशेबाने २८ हजार बार. एका कपाटात. हे वाचताना मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारू जमिनीला न टेकता उंचावर ठेवावी, अधिकाऱ्याने ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून उन्हात वाळवून पुन्हा बंदोबस्तात ठेवावी, असा तपशील त्यात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला हा दस्तऐवज दारूला राज्याचा ठेवा मानतो, कुणा एकाच्या घरातली वस्तू नव्हे. माझा कौल अमात्यांच्या बाजूने आहे.

आपला कायदाही त्याच बाजूचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. काडतुसं बनतात ती कारखान्यांत, आणि या बाबतीत महाराष्ट्र देशाचं मोठं केंद्र आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. रोहिणखेडच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४ चा, लहान शस्त्रांच्या काडतुसांचा. भंडाऱ्याचाही त्याच काळातला, दारू आणि स्फोटकांचा. या गावांतल्या हजारो घरांची चूल या उद्योगावर चालत आली आहे. कामगार दारू हाताळतो तेव्हा त्याच्यासमोर टन असतात. एका टनातून ३० लाख ८६ हजार काडतुसं आणि त्यातल्या प्रत्येकात ठरलेल्या वजनापासून काही मिलिग्रॅमचाच फरक चालेल. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. पावणेतीन गुंजांचा हा सगळा हिशेब मांडताना त्यांच्या घरांना वगळून पुढे जाता येत नाही.

आता बुलढाण्याच्या शेतकऱ्यांसाठी चार शब्द. रानडुकरं आणि रोही पिकाचा फडशा पाडतात, म्हणून विदर्भात पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी माणसं आहेत. त्यात ठासणीच्या बंदुकाही आहेत. या बंदुका काळ्या दारूसाठी घडवलेल्या असतात आणि त्यांत दारू ओंजळीच्या, टोपणाच्या अंदाजाने घालायची सवय असते. काळी दारू तो अंदाज पोटात घालते. पण जुन्या, न फुटलेल्या काडतुसातून काढलेली दारू दिसायला राखाडी, निरुपद्रवी असते आणि तिच्यात ग्रॅममागे काळ्या दारूच्या तिपटीने वायू भरलेला असतो. तोळाभर काळ्या दारूच्या जागी तोळाभर ही घातली तर पिस्तुलाच्या ३६ बारांची दारू एका नळीत, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पेटते. अशी नळी टिकत नाही. .३२ पासून .३५७ पर्यंत पुरेल अशी एक दारू सापडते, ठासणीच्या बंदुकीपासून काडतुसापर्यंत पुरेल अशी दारू नाही. घरात आजोबांच्या काळातली काडतुसं असतील तर ती फोडू नका, जाळू नका, पुरू नका. परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि जमा करा.